पूर्वजन्म नावाचे बटण

एकदा एका डोंगराच्या उतारावर एक आचार्य राहत असत. त्यांच्या आश्रमात वेद नव्हते आणि व्याकरणही नव्हते. तिथे संगणकाचे प्रोग्राम लिहायला शिकवत. आचार्यांचे वय किती, हे कुणालाच ठाऊक नव्हते. डोंगर आधी आला की आचार्य, यावर गावच्या पारावर वाद रंगे आणि डोंगराची बाजू नेहमी लंगडी पडे. त्यांची दाढी अशी लांब की कीबोर्डात अडकू नये म्हणून काम करताना ते ती उपरण्यासारखी खांद्यावरून मागे टाकत.

या आश्रमात सारंगधर नावाचा एक शिष्य होता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला इतर कुणाच्याही आधी कळले होते. त्याने लेखनासाठी एक प्रोग्राम रचला होता. माणसाने त्यात अर्ज लिहावा, पत्र लिहावे, वाटल्यास कादंबरी लिहावी; लिहिलेले पुसावे, हलवावे, जपून ठेवावे. त्याचा वेग काय सांगावा. लिहिणाऱ्याच्या मनात ‘ळ’ येऊन बोट उठायच्या आत तो पडद्यावर मांडी घालून बसलेला असे. रामायणाएवढा ग्रंथ घातला तरी शिंक पुरी व्हायच्या आत उघडे. जोडाक्षरे तर इतकी सुबक जुळत, की एका निवृत्त मास्तरांनी त्यातला ‘क्ष’ पाहून चष्मा काढला आणि डोळे पुसले, असे सांगतात. सांगणारा सारंगधरच होता, हा भाग वेगळा.

प्रोग्रामचे नाव त्याने ठेवले ‘पंचभूत’. वरच्या मेनूत पाच नावे होती: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. इतरांच्या प्रोग्रामांत तिथे ‘फाइल’, ‘संपादन’ असले काहीतरी रुक्ष असते. सारंगधरला ते किराणा दुकानाच्या पाटीसारखे वाटे. पृथ्वीवर क्लिक केले की खाली ‘बीज’, ‘अंकुर’, ‘नांगरट’ अशी बटणे उलगडत. त्यामागे विचार होता. लिहिलेले जपून ठेवणे म्हणजे बीज पेरणे. ते पुन्हा उघडणे म्हणजे अंकुर फुटणे. सगळे पान पुसून कोरे करणे म्हणजे नांगरट. आकाशात ‘पूर्वजन्म’ नावाचे एक बटण होते. नुकतीच केलेली कृती मागे घ्यायची, म्हणजे पूर्वजन्मात परतायचे. हे सुचले त्या दिवशी सारंगधर आनंदाने जेवलाच नव्हता.

आता, माऊसचा बाण एखाद्या बटणावर क्षणभर टेकवला की शेजारी एक छोटी पिवळी पट्टी उमलते आणि ते बटण काय करते ते सांगते. संगणकाचे लोक तिला टूलटिप म्हणतात. सारंगधरच्या पट्ट्या सांगत नसत, त्या गात असत. ‘नांगरट’वर बाण नेला की उमटे, ‘नवसृजनापूर्वीची पावन क्रिया’. ‘पूर्वजन्म’वर नेला की उमटे, ‘गतकाळाकडे नेणारा सूक्ष्म पंथ’.

“सुंदर आहे रे,” एक सहाध्यायी त्याला म्हणाला, “पण लोकांना कळणार कसं?”

“मी एकदा समजावून सांगितलं की कुणालाही कळतं,” सारंगधर म्हणाला. आणि ते खरेही होते. जो कोणी पंचभूत पाहायला येई, त्याच्या शेजारी बसून सारंगधर पाची महाभूतांची संगती उलगडून दाखवी, आणि पाहुणा मान डोलावीत उठे. मान डोलावली नाही असा पाहुणा आजवर झाला नव्हता.

मात्र आश्रमाचा एक नियम होता. कुठलाही प्रोग्राम वेशीबाहेर जाण्यापूर्वी तो एका परक्या माणसाने वापरायचा आणि रचणाऱ्याने त्याच्या मागे उभे राहायचे. तेवढेच. त्या वेळी खोलीत नेमके काय घडते, हे आधीचे शिष्य सांगत नसत. फार खोदून विचारले की ते पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागत. सारंगधरला त्याची फिकीर नव्हती. पंचभूत वेशीबाहेर पडलेच पाहिजे, घरोघरी पोचलेच पाहिजे, एवढी एकच आस त्याला लागली होती. परका माणूस कधी येतो याची तो नवरदेवासारखी वाट पाहत होता.

आला तो नवरीचा बाप.

खालच्या गावात भुसार मालाचा व्यापार करणारे एक शेटजी होते. त्यांच्या एकुलत्या मुलीचे, कुमुदचे, त्या दिवशी लग्न होते. मुहूर्त गोरज, म्हणजे गुरे घरी परततात ती सांजवेळ. ऊन कलायला लागले आणि शेटजी धापा टाकीत आश्रमाच्या पायऱ्या चढून आले. फेटा नवा, कोट नवा, पायांत मात्र एक चप्पल स्वतःची आणि एक कुण्या पाहुण्याची.

“महाराज, तुमच्याकडे लिहायचं यंत्र आहे ना? मोठ्या अक्षरात छापून देणारं?”

“आहे. पण आज तुमच्या घरी लग्न ना?”

“त्याचंच तर काम आहे. मंगलाष्टकं मी स्वतः रचलीत. अंतरपाट धरला की आमच्या ताईनं ती म्हणायची. आता ताईला दिसतं कमी आणि माझं अक्षर हे असं. मी लिहिलेलं वाचायला मला स्वतःला बायकोला हाक मारावी लागते. ताई म्हणाली, छापून आण, नाहीतर मी आरतीच म्हणेन.”

“सगळे श्लोक झाले रचून?”

“शेवटचा राहिलाय. अर्धा पायऱ्या चढताना सुचला. खाली बसलो की उरलेला होईल.”

आचार्य सारंगधरकडे वळले. “सारंगा, तुझा परका माणूस आला.”

“परका कसला, मी पायथ्याचाच,” शेटजी म्हणाले.

“या कामापुरते परके व्हा,” आचार्य म्हणाले आणि त्यांना संगणकापुढच्या खुर्चीवर बसवले.

सारंगधरच्या अंगात वारे शिरले. त्याने घसा साफ केला. “शेटजी, सुरू करण्यापूर्वी मी आपल्याला या रचनेमागची भूमिका थोडक्यात सांगतो. आपलं शरीर जसं पंचमहाभूतांनी—”

त्याच्या नाकासमोर एक फुलपात्र आले. पाण्याने काठोकाठ भरलेले. ते आचार्यांच्या हातात होते.

“हे तोंडात धर,” आचार्य म्हणाले.

“मला तहान नाही, आचार्य.”

“प्यायचं नाहीच. गिळायचं नाही, सांडायचं नाही. गुळणी धरून शेटजींच्या मागे उभा राहा. त्यांचं काम होईपर्यंत पाणी तोंडात राहिलं, तर पंचभूत वेशीबाहेर जाईल. सांडलं, तर जायचं नाही.”

सारंगधरने पुष्कळ विचार केला. ही योगसाधना असावी, की वाणीचा संयम, की आचार्यांचे खरोखरच वय झाले असावे? काही उलगडले नाही. पण प्रोग्राम वेशीबाहेर न्यायचा तर एक फुलपात्र पाणी म्हणजे काय मोठेसे? त्याने ते तोंडात ओतले. गाल टम्म फुगले आणि तो शेटजींच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

शेटजी एका बोटाने लिहू लागले. आधीचे श्लोक तोंडपाठ होते, ते भराभर उतरले. मग बोट थांबले. शेटजी खिडकीबाहेर बघू लागले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. ओठ नुसतेच हलत होते, आवाज नव्हता. एकदम त्यांचे बोट पुन्हा खाली आले आणि सुसाट सुटले. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी, चौथी. शेवटचे अक्षर उमटले तेव्हा शेटजींनी कोटाच्या बाहीने डोळे टिपले आणि स्वतःशीच हसले.

सारंगधर मागे उभा राहून सारे निरखीत होता. बाण कुठे जातो, बोट कुठे थबकते, पंचभूत कसे पळते. श्लोक तेवढा त्याने वाचला नव्हता.

“झालं,” शेटजी म्हणाले. मग डोळे बारीक करून पाहू लागले. घाईत मोकळ्या जागेच्या बटणावर अंगठा पडल्याने ओळी मागेपुढे सरकल्या होत्या. “या तेवढ्या रांगेत यायला पाहिजेत. ताईला वाकडं चालत नाही.”

त्यांनी बाण वर नेला. पृथ्वी उघडली. ‘बीज’ वाचले, ‘अंकुर’ वाचले, आणि ‘नांगरट’पाशी येताच त्यांचा चेहरा उजळला. जन्म धान्यात गेलेला माणूस तो.

“हे बरं दिलंय. नांगर फिरवला की तासं कशी सरळ पडतात.” पिवळी पट्टी उमलली. त्यांनी ती मोठ्याने वाचली. “पावन क्रिया. असू दे, लग्नाचंच काम आहे, पावनच पाहिजे.”

सारंगधरने जोरजोरात मान हलवली. “उंऽऽ” असा आवाज केला. पण शेटजींची पाठ त्याच्याकडे होती, आणि पाठीला डोळे नसतात. शेटजींनी क्लिक केले.

पान कोरे झाले. असे कोरे, की जन्मापासून त्यावर कधी काही लिहिलेच नव्हते.

शेटजींनी मांडीवरचा फेटा उचलून खाली पाहिले. टेबलाखाली पाहिले. मग वळून म्हणाले, “अहो बुवा, कुठं गेलं?”

उत्तर सारंगधरच्या जिभेवर होते, पण जीभ पाण्याखाली होती. त्याने आकाशाचा मेनू सुचवण्यासाठी बोट वर केले. शेटजींनी आढ्याकडे पाहिले.

“वर गेलं?”

सारंगधरने नकारार्थी मान हलवली, मग होकारार्थी हलवली, मग दोन्ही हात पाठीमागे नेऊन, मागे मागे, असे काहीतरी दाखवले. कढईतल्या पुरीसारखे फुगलेले गाल, वर गेलेल्या भुवया आणि पाठीमागे हलणारे हात, हे दृश्य पाहून शेटजी खुर्चीत जरा दूर सरकले.

“महाराज, याला काय होतंय? वर गेलं म्हणतोय.”

“त्याला आज बोलायचं नाही,” आचार्य म्हणाले.

“मौन आहे?”

“पाणी आहे.”

शेटजींना हे समजावून घेण्याइतकी सवड नव्हती. ते डोळे मिटून श्लोक आठवू लागले. “आली लेक घरी... सुपात... सुपात काय होतं? पोतं आलं होतं. पोतं नक्की आलं होतं.” ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत आणि पुन्हा सुपातच अडकत. खालून सनईचा सूर आला. मांडवात कुणीतरी माईकवर फुंकर मारून पाहत होते.

“भटजी म्हणाले, मुहूर्त कुणाच्या बापासाठी थांबत नाही. मी म्हटलं, मी नवरीचाच बाप आहे. तर म्हणाले, तरी नाही.” शेटजींनी घाम पुसला आणि पुन्हा माऊस धरला.

त्यांनी आप उघडले, तेज उघडले, वायू उघडला. प्रत्येक बटणाशी पिवळी पट्टी उमलत होती आणि काहीतरी मधुर गाऊन मिटत होती. शेवटी ते आकाशात शिरले. बाण ‘पूर्वजन्म’पाशी आला. पट्टी उमलली: ‘गतकाळाकडे नेणारा सूक्ष्म पंथ’. आणि तापल्या तव्याला लागावा तसा शेटजींनी हात झटकन मागे घेतला.

“लग्नाच्या दिवशी पूर्वजन्म? नको रे बाबा. या जन्मीचं मिळालं तरी पुष्कळ झालं.”

सारंगधरचे डोळे बाहेर यायचे बाकी राहिले. एवढे एक क्लिक. चिमणीने दाणा टिपावा, तेवढे काम. त्याने आचार्यांकडे पाहिले. आचार्य खिडकीतून डोंगर पाहत होते, जणू तो आजच कुणीतरी आणून ठेवला होता.

शेटजी उठले. फेटा डोक्यावर ठेवला, तो तिरका बसला, त्यांनी सरळ केला नाही.

“जाऊ दे. आधीचे श्लोक मला पाठ आहेत, ते मी ताईला मागून सांगेन. शेवटचा नाही म्हणायचा, एवढंच.” मग ते कोऱ्या पडद्याकडे पाहत, अगदी हळू म्हणाले, “तोच एक कुमुदचा होता. बाकीचे सगळे देवांचे होते.”

ते ऐकले आणि सारंगधरच्या मनातून पंचभूत गेले, वेस गेली, घरोघरी जाणारी कीर्ती गेली. पाणी टाकायला खिडकीपर्यंत धावायला वेळ नव्हता, आणि आचार्य एव्हाना खिडकीपासून त्याच्या शेजारी येऊन उभे होते. त्याने तोंड उघडले आणि ते सगळे पाणी आचार्यांच्या दाढीवर पडले. आचार्यांनी ती शांतपणे पिळली.

“पूर्वजन्म, शेटजी,” सारंगधर ओरडला. “पूर्वजन्म घ्या.”

शेटजी दारातून वळले. “आता बोलता येतं होय तुला? आणि बोललास ते हे?”

“तसं नाही. तुम्ही आकाशात जा—”

“माझ्या पोरीचं लग्न आहे आणि तू मला आकाशात धाडतोस?”

“अहो, म्हणजे गतकाळाकडे नेणारा जो सूक्ष्म—” इथे सारंगधर थांबला. त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. एका घाबरलेल्या माणसापुढे उभा राहून आपण काय बरळतो आहोत, ते त्याला आज पहिल्यांदा ऐकू आले. त्याने शेटजींचे कोपर धरले, त्यांना खुर्चीशी आणले आणि म्हणाला,

“काही गेलेलं नाही. आत्ता जे केलंत ते मागे घेता येतं. हे बटण दाबा, तुमचं लिहिलेलं परत येईल.”

शेटजींनी त्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत बटण दाबले. कोऱ्या पानावर मंगलाष्टके परत आली आणि सगळ्यात खाली तो श्लोक. सारंगधरने तो आता वाचला.

आली लेक घरी सुपात हसरे दाणे जसे नाचती,
पोत्यांच्या चढुनी थरावर कधी मोजीत तारे किती;
त्या पोरीविण ओस पेढि दिसते, डोळ्यांत पाणी जरी,
जाते आज भरावया घर नवे, कुर्यात् सदा मंगलम् ॥

शेटजींनी पडद्यालाच हात जोडले. मग खडबडून जागे झाल्यासारखे म्हणाले, “आता कागदावर कसं आणू?”

“तेजामध्ये ‘प्रतिबिंब’ म्हणून—” सारंगधरने जीभ चावली. “छापायचं बटण इथं आहे. अक्षरं मोठी करायची ती इथून, आणि ओळी सरळ करायच्या त्या इथून.”

“असं सांग की मग,” शेटजी म्हणाले.

छपाईयंत्रातून कागद बाहेर आला तेव्हा उन्हाचा रंग बदलला होता. शेटजींनी तो ऊन ऊन कागद छातीशी धरला आणि पळत सुटले. त्यांच्या वयाचा माणूस त्या पायऱ्या तशा उतरलेला त्या डोंगराने पाहिला नव्हता. म्हणतात की अर्ध्या वाटेत परतणारी गुरे आडवी आली, तर गुरेच बाजूला झाली. पाहुण्याची चप्पल पायरीवरच राहिली. थोड्या वेळाने खालून माईकवर एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. पोती, सूप, तारे, सगळे जागच्या जागी होते. श्लोक संपला तेव्हा मांडवात क्षणभर कुणी अक्षताच टाकल्या नाहीत. मग एकदम पडल्या.

आश्रमात सारंगधर मान खाली घालून उभा होता. जमीन उकरायला पायाचा अंगठा आपोआप वळला होता.

“पाणी सांडलं, आचार्य.”

“हो, मला कळलं,” ओली दाढी पुशीत आचार्य म्हणाले.

“आता पंचभूत वेशीबाहेर जायचं नाही.”

“नाहीच जायचं.”

सारंगधरने मान वर केली. “मी बोललो नसतो तर? शेटजींचा श्लोक तसाच जाऊ दिला असता तुम्ही?”

“मी बोललो असतो. मुलीच्या लग्नाचा श्लोक परीक्षेत घालवण्याइतका म्हातारा मी अजून झालेलो नाही.” आचार्य खुर्चीवर बसले. “ते पाणी कशासाठी होतं, कळलं का तुला?”

“वाणीवर ताबा यावा म्हणून?”

“ताबा आणायचा असता तर उपास सांगितला असता. सारंगा, पाणी म्हणजे तुझी गैरहजेरी. उद्या हा प्रोग्राम कुठल्या गावात, कुणाच्या घरी उघडेल. माणूस घाईत असेल, घाबरलेला असेल, आणि तू तिथं नसशील. तू नसताना तुझ्या जागी ते बटण उभं असतं, ती पिवळी पट्टी उभी असते. बोलायचं ते त्यांनी. आज त्या बोलल्या, पण त्या स्वतःशीच बोलत होत्या. तू किती हुशार आहेस ते एकमेकींना सांगत होत्या. आजवर तुझ्या पाहुण्यांनी मान डोलावली ती तुझ्या बोलण्याला. बटणांना कुणी डोलावली नव्हती.” त्यांनी दाढी पुन्हा पिळली. “पाणी सांडल्यावर तू आधी काय म्हणालास, ते सोड. शेटजींचं कोपर धरून काय म्हणालास?”

“आत्ता जे केलंत ते मागे घेता येतं. लिहिलेलं परत येईल.”

“हे तिथं लिहिलं का नव्हतंस?”

सारंगधरने पडद्यावरच्या ‘पूर्वजन्म’कडे पाहिले. मग म्हणाला, “मला ते फार साधं वाटलं असतं.”

“आणि शेटजींना कसं वाटलं?”

सारंगधरला शेटजींचा तो चेहरा आठवला, कोऱ्या पानावर अक्षरे परत आली तेव्हाचा. तो संगणकापुढे बसला. पृथ्वी गेली, आप गेले, तेज, वायू, आकाश सारे गेले. ‘बीज’ होते तिथे ‘जपून ठेवा’ आले. ‘नांगरट’ होती तिथे ‘सगळे पुसा’ आले. ‘पूर्वजन्म’ पुसताना मात्र त्याचा हात जड झाला. ते अपत्य लाडके होते. त्या जागी त्याने लिहिले, ‘मागे घ्या’.

पण उत्साही माणूस तो. एका टोकाहून सुटला की दुसऱ्या टोकाला जाऊन आदळणारा. पिवळ्या पट्टीत त्याने आता सगळेच सांगायचे ठरवले. हे बटण केव्हा दाबावे, का दाबावे, दाबण्याआधी घाबरू नये, दाबल्यावर काय होते, काय होत नाही. ‘मागे घ्या’वर बाण नेला की कीर्तनाएवढी पट्टी उमले आणि खालचे पान झाकून टाकी. आचार्यांनी ती वाचायला घेतली. मध्येच उठून पाणी पिऊन आले. परत आले तरी वाचन संपले नव्हते.

“शेटजींना घाई होती,” एवढेच ते म्हणाले.

सारंगधरने पुन्हा पुसले. यावेळी त्याने डोळे मिटले, शेटजींना दारात उभे केले आणि त्यांना जे ऐकू गेले असते तेवढेच लिहिले: ‘नुकतेच केलेले रद्द होते. पुसलेले परत येते.’ ‘सगळे पुसा’च्या पट्टीत लिहिले: ‘पूर्ण पान कोरे होते. नको असल्यास लगेच मागे घेता येईल.’ आचार्यांनी ते वाचले, मान हलवली आणि दाढी खांद्यावरून मागे टाकून स्वतःच्या कामाला लागले.

नव्या प्रोग्रामला नवे नाव द्यायचे राहूनच गेले. इतर पाहुणे आले, त्यांच्या मागे सारंगधर पुन्हा गुळणी धरून उभा राहिला, अडखळण्याच्या आणखी जागा सापडल्या, त्या त्याने बुजवल्या. आणि यथावकाश प्रोग्राम वेशीबाहेर पडला.

पुढे कधीतरी सारंगधर एका लांबच्या तालुक्याच्या गावी गेला होता. एक कागद झेरॉक्स करायचा म्हणून तो एका टायपिंगच्या दुकानात शिरला. आत एक बाई अर्ज टाइप करीत होत्या. समोरच्या बाकावर अर्जदार एसटी चुकेल म्हणून चुळबुळ करीत होता. सारंगधरने पडदा पाहिला. तो त्याचाच प्रोग्राम होता. तेवढ्यात बाईंचा हात कशावर तरी पडला आणि अख्खा अर्ज नाहीसा झाला.

बाईंची मान ताठ झाली. अर्जदार बाकावरून उठला. सारंगधर एक पाऊल पुढे सरकला, त्याचे तोंड उघडले. बाईंचा बाण मेनूत गेला, क्षणभर फिरला, एका बटणावर टेकला. पिवळी पट्टी उमलली. बाईंनी क्लिक केले, अर्ज परत आला, आणि त्या होत्या तिथून पुढे टाइप करू लागल्या. जे घडले ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेसुद्धा नाही. अर्जदार पुन्हा खाली बसला.

मग बाईंना कुणीतरी खांद्यामागे उभे असल्यासारखे वाटले. त्यांनी त्रासून वळून पाहिले.

“तुमचं काय काम?”

“काही नाही,” सारंगधर म्हणाला. “एक झेरॉक्स होती.”

“मग लांब उभे राहा की. अंगावर कशाला येताय?”

तो लांब जाऊन उभा राहिला. त्याच्या जागी कुणीतरी आधीच बोलून गेले होते, आणि कोण बोलले ते विचारायची कुणाला गरजही पडली नव्हती. त्या दुकानात आपण कुणालाच नको आहोत, याचे एवढे सुख होऊ शकते हे त्याला ठाऊक नव्हते.

आपणही औषधाच्या बाटलीला चिठ्ठी लावतो, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून निरोप लिहितो. त्या वेळी एवढेच पाहावे, की ते वाचणारा माणूस अडेल तेव्हा आपण तिथे नसणार आहोत.